देवीच्या पत्रिकेवरचं शून्य

पनवेलच्या आसपास लग्नाच्या वरातीपुढे काय वाट्टेल ते चालतं. बँजो चालतो, डीजे चालतो, फटाक्यांची माळ चालते, नवऱ्या मुलाचे मामा रस्त्यात आडवे पडून नागीण नाचले आणि मागे एस्टी खोळंबली तर तेही चालतं. चालत नाही ते फक्त शून्य. ही गोष्ट अस्माला सव्वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली तेव्हा पत्रिका छापून देवीपुढे जाऊन पोचली होती.

अस्माच्या वडिलांचा, दाऊदभाईंचा, टपाल नाक्याजवळ छापखाना. दाऊदभाई पाच वेळचे नमाजी. पण गणपती उजव्या सोंडेचा घ्यायचा की डाव्या, कुलस्वामिनीचं नाव गणपतीच्या वर की खाली, आणि ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ कुठल्या पोरांच्या नावाखाली टाकायची, या बाबतीत उरणपर्यंत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. दोन भटजींचा वाद झाला तेव्हा तो मिटवायला त्यांनी दाऊदभाईंकडे माणूस पाठवला होता, असंही सांगत. सांगत ते स्वतः दाऊदभाईच, तेव्हा आपण फार खोलात जायला नको.

छापखाना त्यांच्या वडिलांनी काढला होता, शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळात. पुढे खिळे गेले, ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, आणि लोक पत्रिका ठाण्या-दादरहून छापून आणायला लागले. दाऊदभाईंच्या दुकानात मशीनपेक्षा पंख्याचा आवाज मोठा ऐकू यायला लागला. तेवढ्यात त्यांचा पुतण्या शाहीद दुबईहून कायमचा परतला. त्याला मोबाईलचं दुकान काढायचं होतं आणि टपाल नाक्यासारखी जागा शोधून सापडली नसती.

“चाचा, आता कुणी पत्रिका छापत नाही. एसएमएस करतात,” तो म्हणायचा.

“एसएमएसवर गणपती येतो का?” दाऊदभाई विचारायचे. पण आवाजात जोर नसायचा. एक दिवस शाहीदने माप घ्यायला म्हणून शटरची दुसरी किल्ली मागून घेतली, ती काही परत दिली नाही. बोटात फिरवत हिंडायचा.

अस्मा कॉम्प्युटर इंजिनिअर. दिवसा बेलापूरच्या एका ऑफिसात, संध्याकाळी छापखान्यात. तिने पत्रिकांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. आपल्याकडच्या पत्रिकेचं दुखणं बाहेरच्यांना कळायचं नाही. विचुंब्यासारख्या गावात लग्न एका घरचं नसतंच, सगळ्या भावकीचं असतं, आणि भावकीतल्या प्रत्येक घराला आपल्या पाहुण्यांना द्यायच्या पत्रिकेवर आपलंच नाव वरती आणि ठळक हवं असतं. म्हणजे चौदा घरं असली तर चौदा तऱ्हेच्या पत्रिका. दाऊदभाई त्या एकेक करून हाताने बदलायचे आणि दर लग्नाला कुठल्यातरी काकाचं नाव गाळून बसायचे. अस्माचा प्रोग्रॅम लग्नाची माहिती एकदाच घेई आणि प्रत्येक घराची पत्रिका आपणहून जुळवून देई. वार, तारीख, मुहूर्त, सगळं मराठीत, मराठी आकड्यांत.

दाऊदभाईंनी ते पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं आणि निवाडा दिला.

“कमळाकरशेठच्या भाविकाचं लग्न आहे. ती पत्रिका तुझ्या या यंत्रातून बिनतक्रार निघाली तर छापखाना राहील. तक्रार आली तर जागा शाहीदला. मी घरी बसून बागकाम करीन.”

नवीन पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला जाळी असलेल्या घरात, अब्बा बागकाम कुठे करणार हे अस्माने विचारलं नाही. ती या छापखान्यात शाईच्या वासात वाढली होती. शाळेच्या वह्यांना तिने लोकांच्या लग्नाच्या फुकट गेलेल्या पत्रिकांची कव्हरं घातली होती. इथे काचेच्या कपाटात मोबाईल मांडलेले तिला बघवले नसते.

कमळाकरशेठ म्हणजे विचुंब्याचं बडं प्रस्थ. जिथे त्यांच्या वडिलांनी भात लावला तिथे आता सात मजले उभे होते. त्यांच्याकडची पत्रिका जिथे छापली जाई तिथेच आजूबाजूची गावं छापत. आणि कमळाकरशेठच्या घरात शब्द चाले त्यांच्या आईचा, चंद्रावती आजींचा.

अस्मा लॅपटॉप घेऊन विचुंब्याला गेली. पडद्यावर पत्रिका उमटली: हळद शनिवार, ७ मे, लग्न रविवार, ८ मे २०११, पूजा मंगळवार, १० मे. आजींना अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे चोख कळत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक तारीख तपासली आणि मान हलवली.

“बेस हाय. छाप.”

इथवर सगळं गोड होतं.

घोळ असा, की अस्माच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज; दोघांच्या बोली वेगळ्या. छपाईचं मशीन त्या विंडोजशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. अस्माने प्रोग्रॅम दोन्हीकडे चालेल असाच लिहिला होता. तारखा जुळवायचं काम तिने जगभरातल्या लोकांनी मिळून केलेल्या एका फुकटच्या तयार संचावर सोपवलं होतं, आणि तो संचही दोन्हीकडे चालत होता. चालत होता म्हणजे, बहुतेक चालत होता.

मंगळवारी संध्याकाळी पहिली पत्रिका मशीनमधून बाहेर आली. दाऊदभाईंनी ती उजेडात धरली.

“माशाअल्ला,” ते म्हणाले. मग म्हणाले, “अस्मा, लग्न कधी आहे?”

“आठ तारखेला.”

“इथे नाही लिहिलेलं.”

खरंच नव्हतं. ‘रविवार, दिनांक’ आणि त्यापुढे कोरी जागा. वेळ होती, जागा होती, चौदा घरांची नावं होती, तारीख तेवढी पाहुण्यांच्या अंदाजावर सोडली होती. कोपऱ्यात मोबाईलच्या दुकानासाठी भिंत मोजत असलेला शाहीद खोकला. तो खोकला आजाराचा नव्हता.

कारण अस्माच्या लगेच ध्यानात आलं. एकअंकी तारखेआधी शून्य नको असेल तर प्रोग्रॅममधल्या तारखेच्या खुणेत एक छोटी आडवी रेघ घालायची असते. लिनक्सला ती रेघ कळते. विंडोजकडे त्याच कामाला वेगळी खूण, कोळ्याच्या जाळ्याच्या तुकड्यासारखी चौकडी (#). रेघ दाखवली की विंडोज काही न बोलता गप्प बसतं. आणि तो तयार संच या दोघांमधला दुभाषा म्हणून ठेवलेला, तर त्याने रेघ जशीच्या तशी पुढे ढकलली होती.

बाहेर कमळाकरशेठ गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत होते. पहिली पत्रिका गावदेवीला, आणि तीही मंगळवारच्या दिवेलागणीच्या आत, अशी त्यांच्याकडची रीत. अस्माने घाईघाईत ती रेघच काढून टाकली. तारखा उमटल्या. ०७ मे, ०८ मे, १० मे. शून्य दिसलं तिला, पण तारीख तर आली! कमळाकरशेठनी पत्रिका कुंकू लावून नेली, देवीपुढे ठेवली, नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती आजी रिक्षा करून स्वतः छापखान्यात आल्या. नाकात नथ नव्हती, पण नथीची ऐट होती. येताना नमुन्याची उरलेली प्रत आणली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि आठाच्या आधीच्या शून्यावर बोट आपटलं.

“दाऊद, यो कोन?”

“मावशी, ते शून्य आहे. तारीख तीच आहे.”

“तारीख मना बी दिसते. आमी शंभराचा आहेर करतो तवा वरती एक रुपया ठेवतो. का? शून्यावर संपू नये म्हनून. आन तुमी माजे नातीचे लग्नाची सुरवातच शून्यानं केली!” त्यांनी अस्माकडे पाहिलं. “घरी दाखवलंस तवा नव्हता यो.”

“आजी, तो दुसरा कॉम्प्युटर होता,” अस्मा म्हणाली.

“मग लगीन दुसऱ्या दिवशी हाय काय? नाय ना? मग शून्य बी नाय.” आजी उठल्या. “पुढचे मंगलवारपत्तूर सगल्या पत्रिका बिनशून्याच्या पायजेत. नायतर कमळाकरला सांगते, दादरला जा.”

आजी गेल्यावर शाहीदने किल्ली बोटात फिरवली. “चाचा, मोबाईलमध्ये शून्याची कुणी तक्रार करत नाही.”

आता खरं सांगायचं तर अस्माला आपल्या प्रोग्रॅमपुरतं शून्य दोन ओळींत उडवता आलं असतं. दाऊदभाई तेच सांगत होते. पण ही मुलगी आजोबांवर गेलेली. आजोबांच्या वेळी एखादा खिळा झिजून बुटका झाला की इतर छापखानेवाले त्याच्याखाली कागदाचा कपटा सारून उंची भरून काढत. आजोबा ते करायला देत नसत. खिळा काढा, नवा घाला, म्हणत. कपटा आज आहे, उद्या सरकेल.

“तारीख आपल्या प्रोग्रॅममध्ये पन्नास ठिकाणी येते, अब्बा. मी एका जागी कपटा लावीन, उद्या दुसरीकडे शून्य निघेल. मूळ संचातच दुरुस्त करते. म्हणजे आपलंही होईल आणि जगात ज्याचं ज्याचं अडलंय त्याचंही.”

“जगात कुणाचं अडलंय?” दाऊदभाईंनी विचारलं. पण कपट्याचं नाव निघाल्यावर त्यांनी हट्ट सोडला. वडिलांचंच वाक्य होतं ते.

अस्माने संच सांभाळणाऱ्या मंडळींना लिहिलं. त्यांचा मुख्य माणूस कुठल्यातरी थंड देशात राहत होता आणि त्याची उत्तरंही तिथल्याच हवेतून येत. त्याने लिहिलं: एकअंकी तारखेआधी शून्य येणं ही निव्वळ दिसण्यापुरती बाब आहे, कुणाचं काम अडत नाही, सवडीने पाहू.

अस्माने लिहिलं: काम अडलं आहे. लग्न अडलं आहे. आमच्याकडे शुभकार्याची सुरुवात शून्याने करत नाहीत.

त्याने विचारलं: हा नियम कुठल्या मानकात आहे? दुवा द्यावा.

अस्माने तो प्रश्न दोनदा वाचला. मग तिने लिहिलं: मानक लेखी नाही, तोंडी आहे. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम विचुंबे. मानक कालच रिक्षाने आमच्याकडे येऊन गेलं.

यावर मात्र तो थंड माणूस थोडा वितळला असावा. त्याने लिहिलं: मग दुरुस्ती तुम्हीच करून पाठवा. मात्र दोन अटी. एक, दुरुस्ती बरोबर चालते हे दाखवणारी चाचणी सोबत हवी. दुसरी, ज्यांना शून्य हवं आहे त्यांचं शून्य जाता कामा नये.

‘शून्य कुणाला कशाला हवं असेल?’ अस्माला हसू आलं. पण अट ती अट. तिने ऑफिसला सुट्टी टाकली आणि कामाला बसली.

इकडे दाऊदभाईंचा जीव टांगणीला. मुलगी घरी बसून परदेशी माणसाशी पत्रव्यवहार करतेय, मंगळवार जवळ येतोय, आणि शाहीद येता-जाता भिंतीला टेप लावतोय. शुक्रवारी त्यांना राहवलं नाही. कॉम्प्युटर त्यांना अगदीच परका नव्हता. एक शब्द शोधून त्या जागी सगळीकडे दुसरा घालायची सोय त्यांना माहीत होती. एका लग्नात नवऱ्या मुलाचं नाव अख्ख्या पत्रिकेत चुकलं होतं तेव्हा तिनेच लाज राखली होती. दाऊदभाईंनी बिस्मिल्ला म्हणून ‘शोधा’च्या चौकटीत शून्य लिहिलं, ‘बदला’ची चौकट कोरी ठेवली आणि ‘सगळीकडे’वर बोट दाबलं. पडद्यावर ८ मे झळकली. शून्य गायब. त्यांनी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा मागवला. कमळाकरशेठचे चुलतभाऊ धर्मराज योगायोगाने समोरून चालले होते, त्यांना हाक मारून त्यांच्या घराचा पहिला गठ्ठा छापून हातात दिला आणि त्यांच्या पाठीवर थापही मारली.

तासाभरात धर्मराजांचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, चक्रावलेले होते.

“दाऊदभाई, पूजा लग्नाच्या आदी हाय काय?”

“असं कसं? पूजा दहा तारखेला.”

“हितं एक मे लिवलंय. लगीन आठला, पूजा एकला. जोडप्यानं बसायचं, त जोडपं आनायचं कुठून? आन सन २११ लिवलाय. तवा पनवेल होतं काय? आन माजा मोबाईल नंबर आठच आकडी झालाय.”

दाऊदभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दहातलं शून्य गेलं होतं, दोन हजार अकरातलं गेलं होतं, धर्मराजांच्या नंबरातली दोन गेली होती. जिथे जिथे शून्य होतं तिथे तिथे दाऊदभाईंनी झाडू फिरवला होता. तरातरा विचुंब्याला जाऊन त्यांनी तो गठ्ठा परत आणला. धर्मराज भला माणूस. म्हणाला, कुनाला बोलत नाय. पण शाहीद दुकानातच होता आणि तो भला माणूस नव्हता, तो पुतण्या होता.

संध्याकाळी अस्मा आली तेव्हा दाऊदभाई गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. शाहीदने सगळं आधीच रंगवून सांगितलं होतं. अस्मा भडकली होती, वाटभर वाक्यं जुळवत आली होती. पण अब्बांनी वर पाहिलं आणि तिची वाक्यं जिरली. एवढा मोठा माणूस, भटजींचे वाद मिटवणारा, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा बसला होता. तिला त्यांची इतकी दया आली की रागावायचंच राहून गेलं.

“मला वाटलं, मदत होईल,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत माझ्याकडून तारीख कधी चुकली नव्हती, बेटा. नावं चुकली. तारीख नाही.”

“अब्बा, तुम्ही शून्य काढलंत, फक्त कुठलं काढायचं ते कॉम्प्युटरला कळलं नाही,” अस्मा म्हणाली. “मी तेच त्याला शिकवतेय. पुढचं काढायचं, मागचं राहू द्यायचं.”

“शिकेल?”

“तुमच्यापेक्षा लवकर.”

दाऊदभाई हसले, पण मंगळवारचं नाव कुणी काढलं नाही.

रविवारी दुरुस्ती झाली. आता कुणी रेघ दाखवली की संच आधी बघे आपण कुठे आहोत. विंडोजवर असला तर रेघेच्या जागी चौकडी ठेवी आणि मग पुढे पाठवी. कुणी काहीच नाही दाखवलं तर शून्य आपल्या जागी. चाचणीसाठी तारखा हव्या होत्या. अस्माने दुसऱ्या कुठल्या शोधल्या नाहीत. भाविकाची हळद, भाविकाचं लग्न आणि भाविकाची पूजा. सात, आठ आणि दहा. दहाचं शून्य शाबूत राहतं का, हे तपासायला दाऊदभाईंनीच नकळत शिकवलं होतं. थंड देशातल्या माणसाने सोमवारी दुरुस्ती संचात घेतली आणि खाली लिहिलं: भाविका यांना शुभेच्छा.

मंगळवारी सकाळी चौदा घरांचे चौदा गठ्ठे टेबलावर रचले होते. चंद्रावती आजी, कमळाकरशेठ आणि भाविका आली. शाहीद किल्ली घेऊन दारात उभा. आजींनी प्रत्येक गठ्ठ्यातली वरची पत्रिका उचलली, आकड्यांवरून बोट फिरवलं. ७ मे. ८ मे. १० मे. २०११. धर्मराजांचा नंबर पुरता दहा आकडी.

“आता बेस हाय,” आजी म्हणाल्या.

तेवढ्यात कमळाकरशेठ म्हणाले, “पन आई, देवीला दिलेली पत्रिका शून्यवाली हाय.”

आजींचं बोट पत्रिकेवरच थांबलं.

“देवीला एक सांगायचं आन लोकांना दुसरं?” कमळाकरशेठ पुढे म्हणाले. “देवीपुढं ठेवली तीच पत्रिका गावात फिरते. तशी रीत हाय. म्हंजे दाऊदभाई, सगल्या परत शून्य घालून छापाव्या लागतील.”

“शून्य नाय!” आजी.

“मग देवीची परत आनतो.”

“देवीला दिलेलं आमंत्रन माघारी घेतोस? अक्कल हाय काय?”

“मग आई, तूच सांग काय करू!”

आजींना सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच येत नसावं. भाविका रडकुंडीला आली होती. पत्रिका वाटल्याशिवाय लग्न कसलं. शून्य नसलेल्या पत्रिका चालत नव्हत्या, शून्य असलेल्याही चालत नव्हत्या, आणि यावर कुठलीच खूण, रेघ नाही की चौकडी नाही, अस्माच्या संचात नव्हती. दारातली किल्ली किणकिणली.

दाऊदभाई खुर्चीतून उठले. चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि त्यांचा तो भटजींचे वाद मिटवणारा आवाज लावला.

“मावशी, तुमच्या भावकीत घरं किती?”

“चौदा. म्हाईत नाय काय तुला?”

“आणि पत्रिका किती तऱ्हेच्या?”

“चौदा.”

“का?”

“का म्हंजे? ज्या घराची त्याची वेगली. परतेकाचा मान हाय.”

“मग देवीचं घर गावात आहे की नाही? तिचा मान आहे की नाही? चौदा घरांना चौदा वेगळ्या पत्रिका आणि देवीला मात्र कुणाचीतरी उसनी, हे बरं दिसतं का? तिची पंधरावी. तिची तिची वेगळी. शून्यवाली.”

आजींनी दाऊदभाईंकडे पाहिलं. मग कमळाकरशेठकडे. मग गठ्ठ्यांकडे. कपाळावरची आठी एकेक घडी उलगडत गेली.

“तिचंच खरं,” त्या म्हणाल्या. “तिचे पुढं सगलं शून्यच. आपन बी.” आणि मुलावर वळल्या. “कलला काय? उचल गठ्ठे.”

लग्न थाटात झालं. डीजे होता, मामा आडवे पडून नाचले, वाहतूक अडली. त्याच महिन्यात शेजारच्या गावातली एक बाई पत्रिका छापायला आली आणि निघताना म्हणाली, “आन देवीची एक वेगली, शून्यवाली. कमळाकरशेठच्यांनी केली तशी. तशीच रीत हाय ना?” दाऊदभाईंनी गंभीरपणे मान डोलावली. जून उजाडेपर्यंत जी पत्रिका निघे तिच्यासोबत देवीची शून्यवाली निघू लागली, आणि ही रीत फार जुनी आहे असं लोक एकमेकांना सांगू लागले. अस्माच्या प्रोग्रॅममध्ये दोन बटणं झाली, पाहुण्यांसाठी आणि देवीसाठी. दुसऱ्या अटीबद्दल तिने थंड देशातल्या माणसाचे मनापासून आभार मानले. संचाच्या माहितीपत्रकात तिने ओळ घातली: ‘शून्याशिवाय: पाहुण्यांकरता; शून्यासह: देवीकरता.’ हा विनोद आहे का, असं त्याने विचारलं. नाही, तिने कळवलं. त्याने ती ओळ तशीच राहू दिली.

पावसाळा सरताना एका दुपारी शाहीद आला. छापखान्यात गर्दी होती, त्याला बसायलाही कुणी सांगितलं नाही. तो गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आला. मग खिशातून शटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“विचुंब्याच्या रस्त्याला गाळा मिळाला,” तो म्हणाला. “कमळाकरशेठच्या बिल्डिंगमध्येच. उद्घाटन आहे. पत्रिका छापायची.”

“एसएमएस कर की,” अस्मा म्हणाली.

“एसएमएसला कुणी येत नाही.” त्याने मान खाली घातली.

अस्माने हसू दाबलं आणि माहिती घ्यायला बसली. नाव, पत्ता, वेळ. तारीख नऊ सप्टेंबर.

“अस्मा,” तो टेबलावर वाकून हळूच म्हणाला, “ते शून्य... माझा काही विश्वास नाही हां त्याच्यावर. पण धंद्याची सुरुवात आहे. तेवढं काढशील ना?”

अस्माने अब्बांकडे पाहिलं. दाऊदभाई एका नवऱ्या मुलाच्या बापाला गणपती दाखवण्यात गुंतलेले होते, पण त्यांचे कान इकडेच होते. त्यांनी न वळता हात मागे केला, टेबलावरची किल्ली चाचपून उचलली आणि अस्माच्या कीबोर्डशेजारी ठेवली.

“नंबर लावून घे त्याचा,” ते म्हणाले. “आणि पुढचंच काढ. मागचं राहू दे.”